काटेवाल्याच्या पुड्या

काटेवाल्याला पहिली फिट आली तेव्हा तो सोनाराच्या दुकानात जमिनीवर बसून काटा दुरुस्त करत होता. वय सव्वीस. सोनाराने आधी गल्ला बंद केला, मग काउंटरवरचे दागिने आत ठेवले आणि मग पाणी मागवलं. यात सोनाराचं काही चुकलं असं काटेवाल्याला कधी वाटलं नाही. दुकानात कुणी अचानक आडवं पडलं तर दुकानदाराच्या मनात पहिला विचार कसला येतो, हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं.

फिट आल्याचं त्याला स्वतःला कळलंच नाही. तो स्क्रू आवळत होता आणि लगेच नंतर तो फरशीवर होता. जीभ चावलेली, पॅन्ट ओली, भोवती चार माणसं. मधल्या वेळाची बातमी त्याला इतरांनी दिली. सोनार म्हणाला, दहा मिनिटं. शेजारचा चपलांचा दुकानदार म्हणाला, अर्धा तास तरी. एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या की तो कुठल्यातरी परक्या भाषेत बोलत होता, आणि भाषा कानाला बरी वाटली. पुढची सगळी वर्षं हे असंच चाललं. आजार त्याचा, माहिती मात्र सगळी लोकांकडे.

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानातले दणकट काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले, औषधांच्या दुकानातले, कॉलेजच्या प्रयोगशाळेतले. त्याच्याजवळ एक पोलादी पेटी होती. तिच्यात मखमलीच्या खाचांमध्ये वजनं बसवलेली असत, दोनशे ग्रॅमच्या ठोकळ्यापासून एक मिलिग्रॅमच्या पत्र्याच्या चिटुकल्या तुकड्यापर्यंत. ती तो चिमट्यानेच उचलायचा. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं, असं तो सांगायचा, आणि ऐकणारा हळूच आपली बोटं खिशात घालायचा. स्वभाव भिडस्त. काटा खोटं दाखवत असेल तर मालकाच्या तोंडावर सांगायला तो कचरत नसे. बाकी कुठल्याही गोष्टीला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक, आणि कधी बंद करायच्या ते विचारायचं नाही. गोळ्यांनी गुण आला. वर्षाला आठ-नऊ फिट यायच्या, त्या दोनवर आल्या. पण चार-सहा महिन्यांत हात थरथरायला लागला. फार नाही. चहाचा कप धरला तर कुणाच्या लक्षातही येऊ नये, इतपतच. पण एक मिलिग्रॅमचा पत्रा चिमट्यात धरून पारड्यात ठेवायचा म्हटला की तो काठावर टकटक वाजायचा. किराणा दुकानात हे खपून जाई. सोनार मात्र आधी त्याच्या हाताकडे बघत आणि मग एकमेकांकडे.

त्यावर त्याने स्वतःच तोड काढली. बारीक काम असलं की आदल्या दिवसापासून गोळी घ्यायची नाही. सुरुवातीला हे महिन्यातून एकदा व्हायचं, मग आठवड्यातून, मग काम बारीक नसलं तरी. फिट पुन्हा वाढल्या. डॉक्टर विचारायचे, "गोळ्या घेता ना?" तो म्हणायचा, "घेतो." हे खरंच होतं. किती घेता, असं त्यांनी विचारलं नव्हतं. दाराबाहेर साठ माणसं ताटकळत असत आणि एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं यायची. त्या चार मिनिटांत डॉक्टर डोस वाढवायचे. डोस वाढला की हात जास्त थरथरायचा, आणि हात जास्त थरथरला की हा जास्त गोळ्या चुकवायचा. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिकपणे काम करत होते.

एकोणतिसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. मुलीकडच्यांना त्याच्या ताईने सांगितलं होतं की मुलाला कधीमधी चक्कर येते. लग्नाच्या आठव्या दिवशी चक्कर आली, तेव्हा बायकोला कळलं की या घरात चक्कर या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ती शाळेच्या ऑफिसात कामाला होती. मुलं पडताना, आपटताना, रक्तबंबाळ होताना तिने पाहिली होती. तिने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली आणि घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं चाळीस सेकंद," तो शुद्धीवर आल्यावर तिने सांगितलं. कुणीतरी पहिल्यांदाच नेमकं मोजलं होतं. काटेवाला त्या क्षणी तिच्या प्रेमात पडला, असं तो नंतर सांगायचा. दुसऱ्या दिवशी तिने बाथरूमची आतली कडी काढून टाकली आणि ताईशी तीन महिने अबोला धरला.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलं होतं. ती कापडाच्या दुकानात उभी राहायची, आणि कापड बघायला येणाऱ्या बायका ज्या गोष्टी बोलतात त्यांतली एकही तिच्या कानावरून वाया जात नसे. कुणाच्या भावजयीच्या काकाला अमुक काढ्याने बरं वाटलं, असं कळलं की संध्याकाळी बाटली घरात हजर. काटेवाल्याने नाकात तेल सोडून घेतलं. सहा आठवडे मीठ सोडलं. तळपाय दाबून आजार शोधणाऱ्या एका माणसाकडे तो वीस वेळा गेला. त्या माणसाला यकृतात दोष सापडला, मूत्रपिंडात सापडला, डोकं सोडून सगळीकडे सापडला.

"रोग म्हशीला आणि औषध पखालीला," बायको म्हणाली.

"ताई मनापासून आणते गं," काटेवाला म्हणाला.

"मग मनापासून घ्या, पण गोळीही घ्या."

तो दोन्ही घ्यायचा, म्हणजे काढा रोज आणि गोळी अधूनमधून. फिट आली तर दोष गोळीचा, नाही आली तर पुण्य काढ्याचं.

मग लोहचुंबकाचा पट्टा आला. कमरेला बांधायचा, त्यात चोवीस चुंबक शिवलेले. हा उपाय ताईला फार पसंत होता, कारण पोटात काही घ्यायचं नव्हतं. काटेवाल्याने तो तीन आठवडे इमानेइतबारे बांधला. त्या तीन आठवड्यांत त्याने अकरा दुकानांतले इलेक्ट्रॉनिक काटे तपासून दिले, आणि अकराही दुकानांतून तक्रारी आल्या. एका सोनाराकडे तर असं व्हायचं की काटेवाला जवळ उभा असला की काटा बरोबर, तो दुकानाबाहेर पडला की चूक. चुंबकाने काटा बिघडतो हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं; पण आपल्याच कमरेला ते आहेत, हे त्याच्या डोक्यात यायला तिसरा आठवडा उजाडला. अकरा दुकानं त्याने पुन्हा फुकट फिरून दुरुस्त केली. ताई म्हणाली, "पण या तीन आठवड्यांत फिट आली का? नाही ना!" फिट रविवारी आली.

पुडीवाले आजोबा त्याला एक्केचाळिसाव्या वर्षी भेटले. रंगाच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची एकच खोली होती. खिडकीशी टेबल, भिंतीला बरण्या, कोपऱ्यात खलबत्ता. पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, नखं स्वच्छ. ताई त्याला घेऊन गेली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आजोबांनी त्याला दीड तास प्रश्न विचारले. फिट येण्याआधी तोंडाला कसली चव येते? झोप किती? झोपेत दात खाता का? काम काय करता? बायकोला काय वाटतं? काटेवाल्याने पंधरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. हाताचंही सांगितलं. आजोबांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला, उताणा केला, पालथा केला आणि म्हणाले, "या हाताचं नुकसान होऊ द्यायचं नाही."

एवढ्यावर काटेवाला त्यांचा झाला.

पुडी सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायची. एकही चुकवायची नाही. चुकली तर आधीचं सगळं पाण्यात. गोळ्या आजपासून बंद. पुडीत एकवीस मुळ्या आणि एक भस्म असतं. भस्म कसलं ते विचारायचं नाही.

घरी बायको म्हणाली, "गोळ्या एकदम बंद करू नयेत, असं पाकिटावरच्या कागदात लिहिलंय."

"आजोबा म्हणतात चालतं."

"आजोबा कोण?"

"त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं," काटेवाला म्हणाला. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

बायकोने महिनाभर श्वास रोखून वाट पाहिली. फिट आली नाही. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. हाताची थरथर गेली. सोनार पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघून बोलायला लागले. ज्या माणसाने पंधरा वर्षं गोळ्यांना चुकवलं, तो आता घड्याळाचा गजर लावून पुडी घेत होता. लग्नाकार्याला गेला तर खिशात पुडी आणि मधाची चपटी बाटली. चौथ्या महिन्यात बायकोने बाथरूमची कडी परत बसवली. ताईने कापडाच्या दुकानात ही हकिगत इतक्या जणींना सांगितली की पुडीवाल्यांच्या जिन्यावर रांग लागू लागली.

पण काटेवाल्याला एक गोष्ट खटकत होती. काही दिवस त्याचे डोळे जड व्हायचे, दुपारी दुकानात उभ्या-उभ्या डुलकी लागायची. काही दिवस सकाळी दात घासताना हाताला एकच झटका बसायचा आणि ब्रश आरशावर आपटायचा. त्याने फार विचार केला नाही. त्याला जे येत होतं ते त्याने केलं: पुड्या वजन करायला घेतल्या.

एकीत चारशे वीस मिलिग्रॅम भरले, दुसरीत सहाशे नव्वद, तिसरीत तीनशे ऐंशी. त्याने दोन महिने रोज दोन पुड्या तोलल्या आणि कॅलेंडरवर चौकटीत आकडा लिहिला. शेजारी, झोप आली तर एक टिंब, ब्रश उडाला तर फुली. टिंबं सगळी मोठ्या आकड्यांपाशी जमली आणि फुल्या लहान आकड्यांनंतरच्या सकाळी.

तो माडीवर गेला. भिडस्त माणूस, पण हा काट्याचा प्रश्न होता.

"आजोबा, तुमचं माप चुकतंय."

"माझं माप?" आजोबा म्हणाले. "अहो, पन्नास वर्षं पुड्या बांधतोय."

"कशाने मोजता?"

आजोबांनी टेबलाच्या खणातून एक चमचा काढून दाखवला. त्याची दांडी मध्येच वाकलेली होती. काटेवाल्याने तो चमचा हातात घेतला, बघितला आणि परत ठेवला. परक्याच्या अंगावरची जखम उघडी पडलेली दिसावी तसं त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात तो एक जुना काटा घेऊन आला. एका औषधांच्या दुकानाने टाकून दिलेला, त्याने स्वतः साफ करून सुट्या भागांतून उभा केलेला. टेबल सपाट नव्हतं म्हणून एका पायाखाली पुठ्ठा सारला, काट्याच्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणला आणि आजोबांना शिकवलं. आजोबा चांगले विद्यार्थी निघाले. चिमटा त्यांनी असा धरला की जन्मभर तोच धरत आले असावेत. काटेवाल्याला याचं नवल वाटलं, पण त्याने विचारलं नाही. त्यानंतर प्रत्येक पुडी बरोबर पाचशेची यायला लागली. टिंबं गेली, फुल्या गेल्या. घरात कुणाला आठवावं लागेल इतका आजार मागे पडला.

चौदाव्या महिन्यात एका सोमवारी तो पुड्या आणायला गेला तर माडीला कुलूप. रंगवाल्याने सांगितलं, आजोबा मुलीकडे गेलेत, दात बसवायला, आठ-दहा दिवसांत येतील. घरात दोन दिवसांच्या पुड्या होत्या. काटेवाल्याने त्या अर्ध्या-अर्ध्या करून चार दिवस पुरवल्या. अर्ध्याही काट्यावर तोलून केल्या. पाचव्या दिवशी काहीच नव्हतं. सहाव्या दिवशीही काही नव्हतं आणि काही झालंही नाही. "बघ, बरा झालोय मी," तो बायकोला म्हणाला. सातव्या दिवशी सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याला फिट आली. ती संपायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. प्रयोगशाळेतल्या बाईंनी टेबलं बाजूला ओढली आणि गाडी बोलावली. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत पाच झाल्या होत्या. खांदा निखळला होता, पुढचा एक दात गेला होता आणि तो शुद्धीवर यायला दोन दिवस लागले.

बायको कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत दोन दिवस बसली. ताई येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. दोघींनी एकमेकींना दोष दिला नाही. तेवढं त्राण कुणालाच नव्हतं. ताई एकदाच बोलली. "मीच नेलं गं त्याला." बायकोने तिच्यापुढे बिस्किटाचा पुडा धरला.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि आवाजाने मोठ्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन खाटेपाशी आल्या.

"तुम्हाला जी गोळी लिहून दिली होती ती तुमच्या रक्तात नाही," त्या म्हणाल्या. "आणि जी कुणी लिहून दिलेली दिसत नाही ती आहे. फिटवरची फार जुनी, स्वस्त गोळी. थोडीच उरली आहे, पण आहे. ही कुठून घेता?"

"मी गोळी घेत नाही," काटेवाला म्हणाला. दात गेल्यामुळे शब्द फुसफुसत बाहेर आले. "चौदा महिने एकही घेतली नाही."

"रक्त खोटं बोलत नाही."

"काटा खोटं बोलतो कधीकधी," तो म्हणाला. "तपासून घ्या."

त्या चिडल्या, पण पुन्हा तपासून घेतलं. तेच आलं. मग बायकोने पर्समधून पुडीचा रिकामा कागद काढला. कडेला थोडी भुकटी चिकटलेली होती. ती तपासायला गेली. आठवड्याने निकाल आला: काही मुळ्या, थोडी साखर आणि तीच गोळी, कुटलेली.

"म्हणजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चौदा महिने तुम्ही रोज दोन वेळा, एकही न चुकवता, गोळीच घेत होतात."

काटेवाल्याने तपासणीचा कागद मागून घेतला.

"एकही न चुकवता," बायको म्हणाली.

"माझा एकही पेशंट इतका नेमाने घेत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ती एकदम बंद झाली, म्हणून तुम्ही इथे आहात. ही गोळी अशी तोडली तर माणूस जातो. तुम्ही जवळजवळ गेला होतात."

खांदा झोळीत अडकवून तो माडीवर गेला तेव्हा आजोबा परत आले होते. नवे दात तोंडात नीट बसले नव्हते. बोलताना ते जिभेने सावरत होते. काटेवाल्याने तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. आजोबांनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. कागद कसा वाचायचा हे त्यांना माहीत होतं.

"प्रमाण थोडं कमी लिहिलंय त्यांनी," ते म्हणाले.

काटेवाला खुर्चीत बसला. येताना त्याने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्यच आता निरुपयोगी झालं होतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"मीच घालतो, मला माहीत नसणार?" आजोबा म्हणाले. "एकतीस वर्षं धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होतो. लोक खिडकीतून गोळ्या घ्यायचे आणि जिन्याखालच्या डब्यात टाकून जायचे. संध्याकाळी तो डबा मीच रिकामा करायचो. तीच माणसं काढेवाल्याच्या दारात तासन्‌तास बसायची. गोळी दिली की विचारतात, किती दिवस? पुडी दिली की विचारत नाहीत. जन्मभर घेतात."

"मग सांगायचं होतं मला."

"सांगितलं असतं तर घेतली असती तुम्ही?"

काटेवाल्याने खरं उत्तर शोधलं. ते लगेच सापडलं. "नसती घेतली."

"मग?"

"नसती घेतली, आजोबा. पण मी मेलो असतो तर कशाने मेलो ते बायकोला कळलं असतं. तुम्ही दात बसवायला गेलात आणि कुणाला बोलला नाहीत. मला वाटत होतं मी बरा झालोय. मी पुड्या अर्ध्या करत बसलो होतो."

आजोबांनी दात काढून रुमालावर ठेवले. तोंड एकदम लहान झालं.

"आठ दिवसांचं काय, असं वाटलं," ते म्हणाले. "दवाखान्यात असताना मी कधी रजा घेतली नव्हती."

"आणखी किती जणांना देता?"

"अडतीस."

"त्या आठवड्यात त्यांचं काय झालं?"

आजोबांना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला ते दोघं दुसऱ्या दिवसापासून निघाले. काटेवाल्याचा एक हात झोळीत, आजोबांच्या हातात वही. वहीत नावं नव्हती, खुणा होत्या: 'निळ्या दाराची', 'तोतरा', 'पुलाजवळचा गॅरेजवाला'. बहुतेकांच्या घरात पुड्या शिल्लक होत्या; ते वाचले होते. निळ्या दाराची शिंपीण मात्र जिन्यावरून पडली होती, मनगट प्लास्टरमध्ये. आजोबांना बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "एक दिवस मध संपला होता, म्हणून साखरेतून घेतली."

आजोबा तिच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, बाई." आणि पुडीत काय होतं ते त्यांनी तिला सांगितलं. काटेवाल्यासमोर कबूल करणं वेगळं आणि तिला सांगणं वेगळं. परत येताना त्यांना दोनदा कठड्यावर बसावं लागलं.

डॉक्टरीणबाई आजोबांवर इतक्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. आपल्याला तक्रार करावीच लागेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आजोबा म्हणाले, करा. पण अडतीस जणांची पुडी एका दिवसात बंद झाली तर अडतीस खाटा लागतील, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून आधी माणसं आणायची आणि मग खोली बंद, असं ठरलं. दीड महिना काटेवाला आणि बायको घरोघर फिरत होते. एकोणतीस जण आले. सहा जण म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलांना गरिबाचं औषध बघवत नाही, आम्हाला सगळं ठाऊक आहे. तिघांचा पत्ताच लागला नाही. मग सरकारी माणसं आली, खोलीला सील लागलं, आजोबांवर खटला उभा राहिला. तो अजून सुरू आहे. ते मुलीकडे राहतात. काटेवाला त्यांना महिन्यातून एकदा फोन करतो. बायकोला हे आवडत नाही. ताईला तर अजिबात नाही. ताईने आता एवढं ठरवलं आहे की कुणाचं औषध ऐकलं तर आधी डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी नंबर बदलला.

काटेवाल्याचं पुढे साधं झालं. डॉक्टरीणबाई गोळी लिहायला लागल्या तेव्हा त्याने पहिल्यांदा त्यांना सांगितलं, "आधीच्या गोळीने हात थरथरायचा. म्हणून मी घेत नव्हतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पंधरा वर्षांत हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"पुडीवाल्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं होतं."

डॉक्टरीणबाईंना हे लागलं. त्यांनी दुसरी गोळी दिली, हळूहळू वाढवत नेली, दर वेळी त्याच्याकडून चिमट्याने पत्रा उचलून घेतला. हात स्थिर राहिला. तो गोळी अजूनही मधातून घेतो. मधाने फायदा नाही आणि तोटाही नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. पाच वर्षांत एक फिट आली, तापात. एक मिनिट पन्नास सेकंद.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तो आता दर बुधवारी दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोन तास बसतो. काम एकच: नव्या पेशंटांशी बोलायचं. त्यांना आत जे सांगवत नाही ते बाहेर सांगवतं, असा बाईंचा अंदाज होता, आणि तो बरोबर निघाला. घरात काय काय घेतलं जातं, कुणाकडे दाखवलं, कोणता अंगारा, कोणती माळ, कोणता काढा, हे लोक त्याला भराभर सांगतात. तो हसत नाही. एका कागदावर लिहून आत देतो.

परवा एक गाणाऱ्या बाई शेजारी बसल्या होत्या. चाळिशीच्या, गळ्याला मफलर.

"काही नाही हो, दुसरं काहीच घेत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त गोळ्या. अगदी नियमित."

"बरं," काटेवाला म्हणाला. समोरच्या भिंतीवर पाणी गळून एक डाग पडला होता. दोघांनी तो पाहून घेतला. मग त्याने विचारलं, "न घेतल्याचे दिवस कोणते?"

बाईंनी डॉक्टरीणबाईंच्या बंद दाराकडे पाहिलं.

"मंगळवार," त्या म्हणाल्या. "मंगळवारी आमचा सराव असतो. गोळी घेतली की सूर उशिरा लागतो."

"दर मंगळवार?"

"आणि कार्यक्रम असेल तर आदला दिवस."

काटेवाल्याने कागदावर 'मंगळवार' लिहिलं, खाली 'सूर' लिहिलं, आणि बाईंच्या हातात कागद देऊन म्हणाला, "आत गेलात की आधी हा द्या. मग बसा."